उंटरझेबोट : एका जर्मन समासाचा विग्रह

गेल्या हिवाळ्यात उरणच्या एका लग्नासाठी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचमध्ये बसलो होतो. शेजारी आमच्याच चाळीतले एक काका होते. त्यांचे सारे आयुष्य माझगाव डॉकमध्ये वेल्डिंग करण्यात गेले. लाँच धक्क्यापासून दूर होऊ लागली, मागे वळून पाहिल्यावर गोदीच्या उंच क्रेन दिसू लागल्या, आणि काका सहज म्हणाले, "त्या तिकडं आम्ही ऊबोट बांधली." चार वर्षे काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेला मी, आणि माझ्या तोंडून निघाले, "यूबोट म्हणायचंय का तुम्हाला?" काकांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. "यू नाही, ऊ. जर्मन साहेब यायचे ना, ते सगळे ऊच म्हणायचे."

काकांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. जर्मन वर्णमालेतला तो स्वर 'ऊ' असाच उच्चारतात; 'यू' हा इंग्रजांचा उच्चार आहे आणि आपल्याकडे तो इंग्रजी वर्तमानपत्रांतून आला. वर्गात शिकून मी जे विसरलो होतो, ते काकांनी कामावर ऐकून ध्यानात ठेवले होते. त्या खजील अवस्थेतून बाहेर पडण्यासाठी पुढचा तासभर मी त्यांना त्या 'ऊ'च्या मागे दडलेल्या पूर्ण शब्दाची, म्हणजे पाणबुडीच्या 'उंटरझेबोट' या जर्मन नावाची गोष्ट सांगत राहिलो, आणि घरी आल्यावर वाटले की ती नीट लिहून काढावी.

आधी काकांच्या बोटीविषयी. भारताने १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीतील कील या बंदरातल्या होवाल्ट्सवेर्के-डॉइचे वेर्फ्ट या जहाजबांधणी कंपनीशी करार केला. त्यानुसार 'शिशुमार' आणि 'शंकुश' या दोन पाणबुड्या कीलमध्ये तयार होऊन १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या, आणि त्याच वर्गातल्या 'शल्की' व 'शंकुल' या दोन मुंबईत, माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलाकडे आली. म्हणजे ज्या वस्तूला जर्मन माणूस 'उंटरझेबोट' म्हणतो, ती वस्तू जर्मन आराखड्यावरून मुंबईच्या माणसांनी स्वतःच्या हाताने जोडलेली आहे. त्या वस्तूच्या नावाचे सांधे तपासायला मुंबईकराला एवढा अधिकार पुरेसा आहे, असे मी धरून चालतो.

शब्द तीन तुकड्यांचा आहे : 'उंटर' म्हणजे खाली, 'झे' म्हणजे समुद्र, आणि 'बोट' म्हणजे बोट. शाळेत समासाचा विग्रह करताना बाई विचारत असत तसे विचारले, तर उत्तर 'समुद्राखालून चालणारी बोट' असे येईल, आणि 'चालणारी' हे मधले पद गाळलेले असल्यामुळे आपण याला मध्यमपदलोपी समासाच्या पंगतीत, पुरणपोळी आणि कांदेपोह्यांच्या शेजारी बसवू. जर्मन समासात शेवटचे पद यजमान असते. शब्दाचे लिंग तेच ठरवते, अनेकवचनाचा प्रत्यय त्यालाच लागतो, आणि त्याच्या आधीची सगळी पदे केवळ त्याचे वर्णन करतात. 'बोट' जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'उंटरझेबोट'ही नपुंसकलिंगी. 'झे'च्या लिंगाला इथे कोणी विचारत नाही.

पण विग्रह कुठे तोडायचा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर बोडेनझे नावाचा प्रचंड तलाव आहे. त्याच्या मोठ्या, वरच्या भागाला 'ओबरझे' आणि धाकट्या, खालच्या भागाला 'उंटरझे' म्हणतात. आता 'उंटरझे' हे विशेषनाम घेऊन त्याला 'बोट' जोडले, तर अक्षर न अक्षर तोच शब्द तयार होतो आणि त्याचा अर्थ 'उंटरझे तलावावरची होडी' असा होतो, जी बिचारी पाण्याच्या वरच असते. कोणी जर्मन माणूस असा घोटाळा करत नाही, हे उघड आहे. तरीही समास म्हणजे पदांच्या मधल्या विभक्ती पुसून टाकणे, आणि त्या पुसल्या की अर्थ वाचणाऱ्याच्या समजुतीवर सोपवावा लागतो, हे दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

पहिले पद 'उंटर'. इंग्रजी 'अंडर' त्याचा सख्खा भाऊ, हे कोणालाही ऐकताक्षणी कळते. पण संस्कृत 'अधर' हाही त्याच घरातला आहे, हे कळायला थोडी वाट चालावी लागते. 'अधर' म्हणजे खालचा. ओठाला आपण अधर म्हणतो तेही मुळात खालच्या ओठाला. भारोपीय, म्हणजे संस्कृतपासून इंग्रजीपर्यंत पसरलेल्या कुळातल्या, भाषांच्या मूळ रूपात जिथे स्वरासारखा वागणारा 'न्' होता, तिथे संस्कृतात 'अ' उरला आणि जर्मॅनिक भाषांत, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या शाखेत, 'उन्' झाला. नकारार्थी उपसर्गात हा फरक आपण रोज पाहतो : आपला 'अज्ञात'मधला 'अ' आणि जर्मन शब्दांच्या सुरुवातीला येणारा 'उन्' हे एकच आहेत. राहिला 'ध'. मूळच्या 'ध'चा इंग्रजीत 'ड' आणि जर्मनमध्ये 'ट' होतो. 'मधु' घ्या : त्याच शब्दापासून इंग्रजीत मधापासून केलेल्या मद्याला 'मीड' आणि जर्मनमध्ये 'मेट' असे नाव पडले. तोच नियम लावला की 'अधर', 'अंडर' आणि 'उंटर' एका ओळीत उभे राहतात.

एवढ्यावर 'उंटर' संपत नाही, कारण या एका शब्दात दोन जुने शब्द मिसळून गेले आहेत. जर्मन माणूस 'उंटर फ्रॉइंडन' म्हणतो तेव्हा त्याला 'मित्रांच्या खाली' म्हणायचे नसते, 'मित्रांमध्ये' म्हणायचे असते. हा दुसरा 'उंटर' संस्कृत 'अंतर्' आणि लॅटिन 'इंटर' यांचा नातलग आहे. उच्चार जवळ जवळ येत गेल्याने 'अधर' आणि 'अंतर्' यांचे जर्मन वंशज एकमेकांत विरघळले आणि त्यांचे एकच अव्यय झाले. पाणबुडीच्या नावात अर्थातच 'अधर'वाला 'उंटर' आहे. तरी समुद्राच्या खाली आणि समुद्राच्या आत, या दोन्ही अर्थांनी तो तिला शोभतो, हे मान्य करायला हरकत नाही.

मधले पद 'झे'. याच्याविषयी शब्दकोश फार काही बोलत नाहीत. गॉथिक, जुनी इंग्रजी, डच अशा सर्व जर्मॅनिक भाषांत हा शब्द आहे, इंग्रजी 'सी' तोच आहे, पण जर्मॅनिक कुळाबाहेर त्याचा खात्रीचा सोयरा भेटत नाही. आत्म्यासाठीचा जर्मन शब्द 'झेले' आणि 'झे' यांचे नाते जोडणारा एक जुना तर्क आहे : जन्माआधी आणि मृत्यूनंतर जीव पाण्यात वस्ती करतात, अशा श्रद्धेतून 'पाण्यातला तो जीव' असा अर्थ आला असावा, असे त्यात सुचवले जाते. तर्क रम्य आहे, म्हणूनच त्याच्याकडे थोडे सावधपणे पाहावे.

'झे'ची खरी गंमत त्याच्या लिंगात आहे. पुल्लिंगी 'झे' म्हणजे तलाव आणि स्त्रीलिंगी 'झे' म्हणजे समुद्र. डोंगराळ दक्षिणेतल्या लोकांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता, त्यांच्यासाठी 'झे' म्हणजे साचलेले मोठे पाणी. समुद्र हा अर्थ उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या बोलींनी पुढे रेटला. समुद्रासाठी जर्मनमध्ये 'मेअर' असा दुसराही शब्द आहे, जो लॅटिन 'मारे'चा भाऊबंद. भूमध्य समुद्र 'मेअर' आहे, पण उत्तर समुद्र आणि बाल्टिक हे 'झे' आहेत. शेजारच्या डच भाषेत सगळे नेमके उलटे : तिथे 'झे' म्हणजे समुद्र आणि 'मेअर' म्हणजे तलाव. वायव्य जर्मनीतही श्टाइनहूडर मेअर नावाचा चक्क गोड्या पाण्याचा तलाव आहे. हे वाचून हसू येत असेल, तर आपल्या जायकवाडीच्या धरणाला आपण नाथसागर म्हणतो, कोयनेला शिवसागर आणि उजनीला यशवंतसागर, हे आठवावे. ज्या मुलुखातून समुद्र दिसत नाही, तिथे मोठे पाणी दिसले की माणूस त्याला समुद्राचेच नाव देतो, आणि यात जर्मन व मराठी माणसाची खोड एकच आहे.

आता तिसरे पद, आणि माझ्या मते या शब्दातला सगळा रस याच पदात साठलेला आहे. 'बोट' हा अस्सल जर्मन शब्द वाटतो, पण तो उसना आहे, आणि त्याची चोरी त्याच्या शेवटच्या 'ट'मुळे पकडली जाते. मध्ययुगाच्या आरंभी दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये स्वरापुढे येणाऱ्या 'ट'चा 'स' झाला. म्हणून इंग्रजी 'वॉटर'ला जर्मनमध्ये 'वासर', 'ईट'ला 'एसन' आणि 'फूट'ला 'फूस' असे जुळे शब्द मिळतात. आज ज्याला आपण प्रमाण जर्मन म्हणतो ती याच दक्षिणी बोलींवर उभी आहे. मग 'बोट' तिथे जन्मला असता तर त्याच्या शेवटीही 'स' यायला हवा होता. तो आला नाही, कारण हा बदल होऊन गेल्यावर पुष्कळ उशिरा हा शब्द उत्तरेतल्या खलाशांच्या तोंडून दक्षिणेत पोचला. आणि त्यातला 'ओ' स्वर सांगतो की उत्तरेच्या खलाशांनीही तो स्वतः घडवलेला नव्हता. समुद्रापलीकडच्या इंग्रजांकडून तो त्यांच्याकडे आला होता. जुन्या इंग्रजीत 'बात' असलेला हा शब्द पुढे 'ओ'कारयुक्त झाला आणि त्या रूपात उत्तर समुद्र ओलांडून डच व उत्तर जर्मन बंदरांत रुळला. फ्रेंच 'बातो'ही याच जुन्या इंग्रजी शब्दाची देणगी आहे. छोट्या होड्यांसाठी जर्मनमध्ये 'नाखन' आणि 'कान' असे दुसरे शब्द होतेच, आणि त्यांपैकी 'कान' आजही वापरात आहे. ज्या भाषेत होडीला 'कान' आणि 'बोट' म्हणतात, ती भाषा शिकताना मराठी विद्यार्थ्याच्या वर्गात काय खसखस पिकत असेल, ते सांगायला नको.

त्या इंग्रजी शब्दाच्याही मागे गेलो, तर एक असा तर्क भेटतो की जो कळल्यापासून मी घराच्या भिंतीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहे. 'फोडणे, चिरणे' या अर्थाचा एक भारोपीय धातू आहे, जो संस्कृतात 'भिद्' या रूपात टिकला. त्यापासून भेद, भेदणे, अभेद्य हे शब्द आपल्याकडे आले. जर्मनमध्ये त्याच धातूपासून चावणे या अर्थाचा 'बाइसन' झाला आणि इंग्रजीत 'बाइट'. झाडाचा बुंधा चिरून, पोखरून केलेली ती 'बोट', म्हणजे 'भेदलेले लाकूड', अशी या शब्दाची व्युत्पत्ती सुचवली जाते. आता संस्कृत 'भित्ति' शब्दही याच धातूचा आहे, आणि चिरलेल्या बोरूंच्या वा बांबूंच्या तट्ट्याला तो लागू होता, असे कोश सांगतात. त्यातूनच आपली 'भिंत' आली. तर्क खरा धरला, तर जर्मन 'बोट' आणि मराठी 'भिंत' या एका आजीच्या नाती ठरतात. एकीने चिरलेल्या लाकडाने पाणी बाहेर ठेवले, दुसरीने वारा.

मराठीत हा 'बोट' शब्द सरळ इंग्रजीतून आला आणि इथल्या हाताच्या बोटाशेजारी मुकाट्याने राहू लागला. मात्र आपण त्याचा आकार बदलला. जर्मनमध्ये 'बोट' लहान आणि 'शिफ' मोठे, असा भेद आहे. कोकणी माणसाच्या तोंडी मात्र 'बोट' म्हणजे धुराचे नळकांडे असलेली, मुंबईहून रत्नागिरी-विजयदुर्गाकडे जाणारी आगबोट, आणि किनाऱ्यापासून त्या बोटीपर्यंत उतारूंना नेणारी होती ती होडी किंवा पडाव. त्या मोठ्या बोटीच्या हेलकाव्यांनी ज्यांचे पोट ढवळले, त्यांना 'बोट लागली', आणि पुढे त्याच धर्तीवर एस.टी.सुद्धा लागू लागली.

तिन्ही पदे अशी सुटी केल्यावर ती एकत्र कशी आली, हे पाहावे लागते. कारण हा शब्द जन्मण्यापूर्वीच ती वस्तू जर्मनीत तयार झालेली होती आणि तिचे नाव वेगळे होते. व्हिल्हेल्म बाउअर हा बव्हेरियाच्या सैन्यातला एक तोफखान्याचा कॉर्पोरल. डॅन्यूब नदीकाठच्या डिलिंगन गावात जन्मलेला, म्हणजे पुन्हा समुद्रापासून दूरचाच माणूस. डेन्मार्कबरोबरच्या युद्धात डॅनिश नौदलाने कीलच्या बंदराची नाकेबंदी केली होती, तेव्हा शत्रूच्या जहाजाखाली जाऊन सुरुंग लावता येईल अशी सुमारे ८ मीटर लांबीची लोखंडी नाव त्याने १८५० मध्ये तयार करवून घेतली. तिला यंत्र नव्हते. आतल्या माणसांनी पायाने चक्र फिरवायचे आणि नाव पुढे न्यायची. तिचे नाव 'ब्रांट-टाउखर', म्हणजे 'आगीचा पाणबुड्या'. १ फेब्रुवारी १८५१ रोजी चाचणीच्या वेळी ती कीलच्या बंदरातच तळाला गेली. बाउअर आणि त्याचे दोन सोबती पाणी आत येऊ देत, आतला व बाहेरचा दाब समान होईपर्यंत तासन् तास थांबले आणि मग झाकण उघडून जिवंत वर आले. नाव १८८७ मध्ये वर काढण्यात आली आणि आज ती ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

इथे मला काकांना थांबवून सांगावे लागले की ही नाव ज्या श्वेफेल आणि होवाल्ट यांच्या कारखान्यात घडली, तोच पुढे वाढत, नावे बदलत, काकांच्या 'जर्मन साहेबां'ची कंपनी झाला. 'ब्रांट-टाउखर' आणि 'शल्की' यांच्यामध्ये १४० वर्षांचे अंतर आहे, पण आडनाव होवाल्टचेच. काकांनी यावर फक्त, "ती बुडाली होती ना?" एवढेच विचारले.

बाउअरने पुढे रशियात जाऊन दुसरी नाव बांधली तिचे नाव 'झेटॉइफेल', म्हणजे समुद्री सैतान. जर्मनमध्ये हे एका कुरूप तोंडाच्या माशाचेही नाव आहे. या सुरुवातीच्या नावांकडे पाहिले तर ती ठेवणाऱ्यांना वस्तूच्या कृतीचे आणि धाकाचे अप्रूप होते, असे दिसते : ती बुडी मारते, आग लावते, घाबरवते. 'उंटरझेबोट' या नावात यातले काहीही नाही. ते कार्यालयात बसून ठेवलेले नाव आहे. फ्रेंचांनी 'सू-मारँ' आणि इंग्रजांनी 'सबमरीन' म्हणताना लॅटिनचे 'खाली' आणि 'समुद्र' हे दोन तुकडे वापरले होते. जर्मनने त्याच धर्तीवर आपल्या घरचे तुकडे घेतले आणि लॅटिनने जे विशेषण केले होते त्याला एक नामही जोडून दिले. जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी कीलच्याच गेर्मानियावेर्फ्टमध्ये बांधली गेली आणि १४ डिसेंबर १९०६ रोजी दाखल झाली. तिला नाव मिळाले नाही. अक्षर आणि अंक मिळाला : ऊ १. ती आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये, समुद्रापासून चांगली दूर, विसावलेली आहे. (माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'कलवरी' मुंबईत दाखल झाली, तीही १४ डिसेंबरलाच, २०१७ मध्ये. निव्वळ योगायोग, पण माझ्यासारख्याला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

नाव कितीही अचूक वाटले तरी ते पुढची चाळीस वर्षे खोटे होते. त्या काळच्या पाणबुड्या तेलावर चालणाऱ्या इंजिनांनी पाण्याच्या वरून चालत, आणि हल्ल्यासाठी किंवा लपण्यासाठी तेवढ्यापुरत्या, बॅटरीवर, खाली जात. दुसऱ्या महायुद्धातल्या सर्वाधिक संख्येने बांधलेल्या जर्मन पाणबुडीचा वेग पाण्यावर १७ नॉटच्या पुढे आणि पाण्याखाली जेमतेम साडेसात नॉट होता. अशा नावेला काटेकोर तंत्रज्ञ 'टाउखबोट', म्हणजे बुडी मारू शकणारी बोट, म्हणत. 'उंटरझेबोट' हे नाव जिचा खरा मुक्काम पाण्याखाली आहे तिच्यासाठी राखावे, असे त्यांचे म्हणणे. व्यवहाराने अर्थातच त्यांचे ऐकले नाही. युद्धाच्या अखेरीस तयार झालेला २१ क्रमांकाचा नमुना पाण्यावरच्यापेक्षा पाण्याखाली अधिक वेगाने, सुमारे १७ नॉटने, जाऊ लागला, तेव्हा हे नाव प्रथमच खरे ठरले, आणि तेव्हा ते नाव धारण करणारे आरमार संपत आले होते. त्या नमुन्याची 'ऊ २५४०' ही पाणबुडी १९४५ मध्ये तिच्याच खलाशांनी बुडवली. १९५७ मध्ये तिला वर काढले, आणि नव्याने वापरात आणताना तिचे नाव ठेवले 'व्हिल्हेल्म बाउअर'. ब्रेमरहाफेनला ती आता पाहता येते. बुडून पुन्हा वर आलेल्या नावेला याहून योग्य नाव मिळाले नसते.

लांब शब्द कोणाच्या जिभेवर फार काळ टिकत नाही. 'उंटरझेबोट'चा लवकरच 'ऊ-बोट' झाला. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजांच्या कानी पडला, त्यांनी 'ऊ'चा 'यू' केला आणि 'बोट' आपल्या पद्धतीने लिहिली. जो शब्द मध्ययुगात इंग्लंडच्या किनाऱ्यावरून जर्मन बंदरांत गेला होता, तो एक अक्षर पुढे लावून परत मायदेशी आला, आणि आला तो टॉर्पेडो घेऊन. इंग्रजीत तेव्हापासून 'यू-बोट' म्हणजे फक्त जर्मनांची, म्हणजे शत्रूची पाणबुडी. स्वतःची ती 'सबमरीन'. जर्मनमध्ये असा दुजाभाव नाही. तिथे कोणाचीही पाणबुडी 'ऊ-बोट'च असते, आपली 'शिशुमार'सुद्धा. सुभाषबाबू फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून जिच्यातून निघाले आणि एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या जवळच्या समुद्रात जपानी पाणबुडीवर चढले, ती 'ऊ १८०' आपल्या बहुतेक मराठी लेखनात 'यू-१८०' झालेली आढळते. काकांचा आग्रह धरला तर ती दुरुस्त करायला हवी.

आणि आपला स्वतःचा शब्द? 'पाणबुडी' हा 'उंटरझेबोट'पेक्षा 'ब्रांट-टाउखर'च्या जवळचा आहे, कारण तो जागा सांगत नाही, कृती सांगतो. पाण्यात बुडी मारणारी, ती पाणबुडी. 'पाणी'चे समासातले 'पाण' हे रूप पाणवठा, पाणकोंबडी, पाणघोडा यांत आहे तेच. 'बुडणे' प्राकृत 'बुड्ड'पासून आले. हिंदीने ब आणि ड यांची अदलाबदल करून 'डूबना' केले, म्हणून तिकडे 'पनडुब्बी' आणि इकडे 'पाणबुडी'. जहाजाला 'बुडी' म्हणणे अशुभ वाटावे, पण बुडणे आणि बुडी मारणे यांतला फरक मराठी माणसाला बरोबर कळतो. एक अडचण मात्र आपल्याही शब्दाने करून ठेवली आहे. विहिरीत किंवा बंदरात उतरून वस्तू शोधणारा माणूस पूर्वीपासून 'पाणबुड्या', आणि 'पाणबुडी'चे अनेकवचनही 'पाणबुड्या'. त्यामुळे 'नौदलाच्या पाणबुड्यांनी शोध घेतला' असा मथळा वाचला, की माणसे उतरली होती की जहाजे, हे पुढची बातमी वाचूनच ठरवावे लागते. उंटरझे तलावाचा घोटाळा आठवून हसणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे. 'शिशुमार' या नावाबद्दलही काकांना सांगितले, की हा संस्कृत शब्द झिजत झिजत मराठीत 'सुसर' झाला. त्यावर ते मनापासून हसले. "म्हणजे आम्ही सुसरीच्या बहिणी बांधत होतो."

मोऱ्याचा धक्का जवळ आला तेव्हा मी त्यांना विचारले, की कारखान्यात तुम्ही आपापसांत तिला काय म्हणत होता, पाणबुडी की ऊबोट? काकांनी पिशवी उचलत सांगितले, "ऊबोट साहेब म्हणायचे. पाणबुडी पेपरवाले. आम्ही नुसतं बोट. बोटीत कोण गेलंय, बोटीतलं काम संपलं का, असं." जर्मन नौसैनिकही आपल्या पाणबुडीला आपापसांत नुसते 'बोट'च म्हणतात, हे मी त्यांना सांगेपर्यंत लाँच धक्क्याला लागली होती आणि काका पायरीवर उतरले होते.